जर्मनीत नर्सिंगला येतेयस ना, मग कळलं नाही तर मान डोलवू नकोस

अगं तू लिहिलंयस की जर्मनची बी2 परीक्षा झाली, ऑक्टोबरमध्ये निघतेयस आणि भीती एकच, समोरच्याचं कळलं नाही म्हणून दोनदा विचारलं तर हिला भाषाच येत नाही म्हणतील. मी सहा वर्षं न्यूरेनबर्गजवळ वृद्धाश्रमात काम करतेय, विचारलं म्हणून मला कोणी कधी बोललं नाही, न विचारता हो हो केलं तेव्हाच गडबड झाली. 2015 मध्ये 12 भाषांमधल्या साध्या गप्पांचा अभ्यास झाला होता, त्यात आपल्याच भाषेत बोलणारी माणसं पण साधारण दर दीड मिनिटाला कुठेतरी 'आं? काय?' करतातच असं दिसलं.

सुरुवातीला एका आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, वेळ सांगितली 'हाल्प द्राय', मी इंग्रजीतलं हाफ थ्री समजून साडेतीन धरलं आणि मान डोलावली. अपॉइंटमेंट होती अडीचची. आजोबा कोट घालून दाराशी तासभर बसून राहिले, अजून आठवलं की पोटात कालवतं. खरं तर आपलं अडीच पण तसंच बनलंय, तिसऱ्यातलं अर्ध, त्यामुळे आकडे इंग्रजीतून नेऊच नकोस, पस्तीसमध्ये आधी पाच मग तीस येतात ना, जर्मनमध्ये पण तसंच. आमच्या भागात तर 'फीर्टल द्राय' म्हणजे सव्वादोन!

विचारताना नुसतं 'वास?' म्हणजे 'काय?' नको, म्हाताऱ्या माणसांना उद्धट वाटतं. 'वी बिटं?', म्हणजे 'काय म्हणालात?', चालतं पण मग ते आख्खं वाक्य परत तेवढ्याच स्पीडने म्हणतात, त्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं म्हणून थांब, 'त्सिमर...?' म्हटलंस की ते फक्त खोलीचा नंबर सांगतात. वेळ असेल तर उलट म्हणून दाखव, 'आल्झो फीर्त्सेन उअर द्रायसिश?', म्हणजे 14:30 ना? फोनवर तेच लोक 'त्स्वाय' (दोन) आणि 'द्राय'मध्ये (तीन) घोळ नको म्हणून दोनला 'त्स्वो' म्हणतात.

आणि नकारार्थी प्रश्न टाळच. 'दुखत नाहीये ना?' ला आपण 'हो, नाही दुखत' म्हणतो, इथे त्याला 'नाइन', म्हणजे नाही, म्हणतात आणि पेशंट 'दॉख' म्हणाला तर त्याला दुखतंय. म्हणून सरळ 'हाबन झी श्मेर्त्सन?', म्हणजे 'दुखतंय का?', विचार आणि कुठे ते हात लावून दाखवायला सांग.