तलावावर बोटींना वेगमर्यादा घालावी की बोटींची संख्या कमी करावी?

तुमच्या तलावावर बोटींचा वेग कमी करावा की संख्या, हे विचारताना तुम्ही दोन्ही गटांचं म्हणणं दिलंय. कयाकवाल्यांना (कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी, बसकी होडी) आणि काठावर राहणाऱ्यांना वेगमर्यादा हवी आहे. मोटारबोटवाल्यांचं म्हणणं, वेगाला उगाच बदनाम करू नका, खरी अडचण गर्दीची आहे. माझ्या मते हे भांडण एकाच गोष्टीवरचं आहे, एका बोटीला किती मोकळं पाणी लागतं यावरचं, आणि ते कागद-पेन्सिल घेऊन पाहता येतं.

ताशी 40 किलोमीटरने जाणारी बोट सेकंदाला साधारण 11 मीटर कापते. समोरचं दिसणं, लक्षात येणं आणि वळून बाजूला होणं यासाठी चालकाला 15 सेकंद मिळावेत असं धरू. म्हणजे त्याच्याभोवती सुमारे 167 मीटर मोकळं पाणी हवं. एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ 8.7 हेक्टरचं होतं. तीच बोट ताशी 10 किलोमीटरने गेली तर त्रिज्या 42 मीटर आणि जागा अर्ध्या हेक्टरच्या आसपास. वेग चौपट, जागा सोळापट. 15 सेकंद हा मी धरलेला आकडा आहे; तुम्ही 10 धरलेत तरी सोळापटीचं प्रमाण तेच राहतं.

आता तलावाचं वापरता येण्याजोगं पाणी काढा. समजा तलाव 200 हेक्टर आणि काठ 8 किलोमीटर. पोहणारे, धक्के, नांगरलेल्या बोटी यांच्यासाठी काठालगतचा 60 मीटरचा पट्टा सोडला की 48 हेक्टर गेले. राहिलेल्या 152 हेक्टरमध्ये ताशी 40 च्या वेगाने एका वेळी 17 बोटी मावतात. उथळ जागा आणि चिंचोळे फाटे वजा केले तर त्याहूनही कमी. सुट्टीच्या दुपारी पाण्यावर 50 बोटी असतील तर एक तर बोटी कमी करा, नाहीतर वेग. दोन्ही तसंच ठेवायचं म्हटलं तर आकडेमोड साथ देत नाही.

मर्यादा किती ठेवायची, इथे मात्र बहुतेक समित्या चुकतात. दोन बाजूंच्या मधला म्हणून ताशी 15 ते 20 किलोमीटरचा आकडा ठरतो, आणि साध्या मोटारबोटींसाठी तोच सर्वात वाईट. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा नैसर्गिक वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो: मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ काढून 4.5 ने गुणा. साडेपाच मीटरला ताशी साधारण साडेदहा किलोमीटर येतात. त्याच्या आत लाट लहान असते. ताशी 25-30 च्या वर गेल्यावर बोट पाण्यावर चढून घसरत जाते आणि लाट पुन्हा बसते. मधल्या टप्प्यात नाक वर, मागचा भाग पाण्यात रुतलेला, आणि मागे सर्वात मोठी लाट. शिवाय उचललेल्या नाकामुळे चालकाला समोरचं कमी दिसतं. पाण्यालगत बसलेला कयाकवाला तर दिसतच नाही. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून 15 सेंटीमीटरच्या लाटेपेक्षा 30 सेंटीमीटरची लाट काठाला चौपट झोडपते. तेव्हा मर्यादा एक तर ताशी 8-10 च्या आत ठेवा किंवा 40 च्या पुढे.

इंग्लंडमध्ये विंडरमियर तलावावर 2005 पासून 10 नॉटची, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगात वॉटर स्कीइंग, म्हणजे बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरत जाण्याचा खेळ, होत नाही. स्पर्धेत पुरुषांसाठी बोट ताशी 58 पर्यंत पळवतात. म्हणजे असा नियम आणताना तुम्ही एक खेळ तिथून हलवताय. तसं उघड सांगून निर्णय घ्या, आणि तो खेळ शेजारच्या कुठल्या पाण्यावर जाऊन पडेल याचाही विचार करा. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या विनिपेसॉकी तलावावर 2009 पासून दिवसा ताशी 45 मैल (72 किलोमीटर) आणि रात्री 30 मैल (48 किलोमीटर) ही मर्यादा आहे. पण त्या राज्याचा मला जास्त पटणारा नियम अंतराचा आहे: दुसरी बोट, पोहणारा, धक्का किंवा काठ 150 फुटांच्या (सुमारे 45 मीटर) आत आला की वेग ताशी 6 मैलांपर्यंत, म्हणजे 10 किलोमीटरच्या खाली आणायचा. गर्दी वाढली की हा नियम आपोआप सगळ्यांना हळू करतो आणि रिकाम्या सकाळी कुणाला अडवत नाही.

वेकसर्फिंगच्या, म्हणजे बोटीमागच्या लाटेवर फळीवरून घसरण्याच्या खेळाच्या, बोटी वेगळ्या धरा. त्या पोटात पाण्याचं वजन भरून मुद्दाम ताशी 16-19 ला चालवतात, कारण त्यांना मोठीच लाट हवी असते. ताशी 40 सारख्या वेगमर्यादेत त्या सापडत नाहीत. मिनेसोटा विद्यापीठाच्या 2022 च्या अभ्यासात दिसलं, की साध्या बोटींची लाट 200 फुटांवर जितकी राहते तितकी व्हायला या बोटींच्या लाटेला 500 फुटांहून जास्त अंतर लागतं. त्यांना काठापासून किमान 150 मीटर लांब ठेवा. चिंचोळ्या फाट्यात त्यांना जागा नाहीच.

वेगमर्यादेच्या विरोधकांचा एक मुद्दा रास्त आहे. अमेरिकी तटरक्षक दलाच्या अपघात आकडेवारीत चालकाचं दुर्लक्ष, नजर न ठेवणं आणि अननुभव ही कारणं अतिवेगाइतकीच ठळक असतात. जीवघेण्या अपघातांत दारू सर्वात पुढे. मात्र दुर्लक्षाची किंमत वेगच ठरवतो. समोरासमोर येणाऱ्या दोन बोटी ताशी 72 ने असतील तर 300 मीटरचं अंतर साडेसात सेकंदांत संपतं. रात्री तर मला तडजोड मान्यच नाही. बिनदिव्याची होडी 30 मीटरवर दिसली आणि तुम्ही ताशी 40 ने असाल, तर हातात तीन सेकंदही नाहीत.

अंमलबजावणीत रडारवर फार विसंबू नका. बोट रडारच्या रेषेशी 25 अंशांच्या कोनात जात असेल तर वेग जवळपास 10 टक्के कमी दिसतो. बोटीवरचे जुने वेगदर्शकही पाण्याच्या दाबावर चालतात. बोटीच्या मागे खाली असलेल्या त्यांच्या बारीक छिद्रात शेवाळ अडकलं की काटा खाली येतो आणि चालक शपथेवर सांगतो, मी हळूच होतो. बारीक तारेने छिद्र मोकळं करा किंवा वेग जीपीएसवरून बघा. अंतराचा पट्टा बोयांनी, म्हणजे तरंगत्या खुणांनी, आखला की उल्लंघन नुसत्या डोळ्यांना दिसतं. जोडीला सगळ्यांना घड्याळाच्या उलट दिशेने फिरायला लावा, म्हणजे समोरासमोरच्या गाठी कमी होतात.

नियम ठरवायच्या बैठकीआधी एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला उंचावरून तलावाचे फोटो काढा आणि पळत्या, थांबलेल्या, वल्ह्याच्या अशा बोटी वेगवेगळ्या मोजा. बोटी उतरवण्याच्या जागेवरचे रिकामे ट्रेलर (बोटी वाहून आणायच्या जोडगाड्या) मोजून भागत नाही, कारण काठावरच्या धक्क्यांना बांधलेल्या बोटी त्यात येत नाहीत.