वाचकांचे प्रश्न: पंचांचा निर्णय, प्रशिक्षकांचा संताप आणि मध्ये सापडलेला मुलगा

प्रश्न : आम्ही अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो. माझा मुलगा दहावीत असून शाळेच्या कुस्ती संघात आहे. गेल्या हंगामात एका लढतीची शेवटची दहा-बारा सेकंदे उरलेली असताना त्याने मॅटच्या अगदी कडेला प्रतिस्पर्ध्याचा पट काढून त्याला खाली आणले. परंतु पंचांनी हद्दीबाहेरचा इशारा करून गुण नाकारले आणि मुलगा दोन गुणांनी हरला. त्याच्या प्रशिक्षकांनी हातातली फाइल जमिनीवर आपटून पंचांना अपशब्द वापरले, त्याबद्दल संघाचा एक गुण कापला गेला आणि शेवटी आमची शाळा एका गुणाने हरली. परतीच्या बसमध्ये प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर माझ्या मुलाला सांगितले, ‘तुझ्यामुळे हरलो.’ आमच्याकडे मोबाइलवर केलेले चित्रण आहे. पंचांविरुद्ध तक्रार करावी, असे माझ्या यजमानांचे मत आहे; मुलगा मात्र काहीच करू नका, असे म्हणतो.
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ताई, आपल्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. त्या एकत्र केल्यास दोन्ही वाया जातील, म्हणून त्या आधी सुट्या करू.

पहिली तक्रार पंचांची. अमेरिकेतल्या शालेय कुस्तीचे नियम आपल्याकडच्या फ्रीस्टाइलपेक्षा वेगळे आहेत आणि ते अलीकडेच बदललेही आहेत. 2024-25 च्या हंगामापासून प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवल्याबद्दल 2 ऐवजी 3 गुण मिळतात. तसेच दोघांपैकी कोणत्याही एका मल्लाच्या शरीराचा एक जरी भाग रेषेच्या आत किंवा रेषेवर टेकलेला असेल, तरी कुस्ती हद्दीतच मानली जाते. आता पंचांच्या मनात काय होते, याच्या दोन शक्यता आहेत. दोघांचेही पाय पूर्णपणे बाहेर गेले आहेत, असे त्यांना दिसले असेल, तर तो त्यांच्या नजरेचा निर्णय झाला. तो चुकला असला, तरी नियमाप्रमाणे तोच अंतिम असतो. परंतु एकाचा पाय आत आहे हे दिसत असूनही, तेवढ्याने भागत नाही अशा समजुतीने त्यांनी गुण नाकारले असतील, तर ते नियम चुकीचा लावणे झाले, आणि त्यावर दाद मागण्याचा मार्ग नियमपुस्तकातच दिलेला आहे. कुस्ती थांबलेली असताना प्रशिक्षकाने शांतपणे गुणलेखकांच्या टेबलापाशी जायचे, पंचांशी बोलण्याची परवानगी मागायची आणि एवढेच विचारायचे की, ‘आपण कोणता नियम लावला?’ पंचांचे नियमाबाबत चुकले असेल, तर निर्णय तिथेच बदलतो. चुकले नसेल, तर प्रशिक्षकाच्या नावे गैरवर्तनाची नोंद होते. पहिल्या वेळी ताकीद मिळते, पुढच्या वेळी संघाचे गुण जातात. म्हणजे दाद मागायला थोडी किंमत मोजावी लागते, पण पहिल्या वेळची ती किंमत निव्वळ ताकीद असते. आपल्या मुलासाठी ती मोजणे हे त्या प्रशिक्षकांचे कर्तव्य होते.

दुसरी तक्रार प्रशिक्षकांची. त्यांनी ती किंमत मोजली नाही, त्याऐवजी फाइल आपटली. अखिलाडू वर्तनाला ताकिदीची सवलत नसते. तिथे पहिल्याच वेळी संघाचा गुण कापला जातो. मी स्वतः अनेक वर्षे शालेय स्पर्धांमध्ये शिट्टी घेऊन उभा राहिलो आहे आणि कडेला बसलेल्या माणसाच्या काळजाचे काय होते हे मला कळते. परंतु त्या दिवशी पंचांना नियम विचारण्याचा अधिकार सभागृहात आपल्या बाजूच्या फक्त प्रशिक्षकांनाच होता. मुलाला तो नव्हता, प्रेक्षकांत बसलेल्या आईवडिलांना तर नव्हताच. ज्याच्या हाती एकुलता एक उपाय होता, त्यानेच तो वापरला नाही. संघ ज्या एका गुणाने हरला, तो गुण मुलाने घालवलेला नव्हता. तो कापला गेला नसता, तर निदान बरोबरी झाली असती आणि निकाल बरोबरी सोडवण्याच्या निकषांवर गेला असता. हा हिशोब मुलाला घरी नीट मांडून दाखवा. चौदा वजनी गटांच्या लढतीत साधा पराभव प्रतिस्पर्धी संघाला 3 गुण देतो आणि चीतपट 6 गुण देते. आपला मुलगा शेवटपर्यंत झुंजून गुणांवर हरला, म्हणजे त्याने संघाचे 3 गुण वाचवलेच होते.

आपल्याच राज्यात घडलेली एक घटना इथे सांगतो, कारण मोठ्यांनी योग्य क्षणी मुलाची ढाल न होणे हे प्रशिक्षकाच्या आरडाओरड्याइतकेच घातक असते, हे मला तिच्यामुळे पटले. 19 डिसेंबर 2018 रोजी बुएना रिजनल हायस्कूलच्या एका कृष्णवर्णीय मल्लाला पंचांनी ऐन कुस्तीच्या तोंडावर सांगितले की, त्याच्या जटा नियमात बसत नाहीत. त्या कापाव्यात, नाहीतर कुस्ती सोडावी. केसांविषयीचा आक्षेप वजन घेतानाच नोंदवायचा असतो, पण ते पंच वजनाच्या वेळी हजर नव्हते. मुलाने केस कापू दिले. मॅटच्या कडेला, सगळ्यांच्या देखत, संघाच्याच एका कर्मचारी महिलेने त्याच्या जटांवर कात्री चालवली आणि त्यानंतर ती कुस्ती त्याने जादा वेळेत जिंकली. त्या कात्रीचे चित्रण देशभर पाहिले गेले. राज्याच्या नागरी हक्क विभागाने चौकशी केली; 2019 च्या सप्टेंबरमध्ये त्या पंचांवर दोन हंगामांची बंदी जाहीर झाली आणि पंचांना व शाळांच्या क्रीडा कर्मचाऱ्यांना भेदभावाविषयी प्रशिक्षण देण्याचे ठरले. घटनेला बरोबर एक वर्ष झाले, त्या दिवशी न्यू जर्सीत केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. पुढे शालेय कुस्तीतली केसांच्या लांबीची अटही काढून टाकण्यात आली. हे सगळे योग्यच झाले. तरीही ते चित्रण पाहताना माझी नजर दर वेळी मुलाभोवती उभ्या असलेल्या मोठ्या माणसांकडे जाते. ‘हा आक्षेप आता घेता येत नाही, ही कात्री चालणार नाही,’ असे ठाम सांगून ती कात्री अडवणारा हात त्या चित्रणात कुठेही दिसत नाही.

आता काय करायचे, ते सांगतो. पंचांविरुद्ध तक्रार करू नका. नजरेच्या निर्णयावर निकाल बदलत नाही, आणि नियमाची चूक असलीच, तर ती सुधारण्याची वेळ मल्ल मॅट सोडून गेला तेव्हाच संपली. चित्रण समाजमाध्यमांवर टाकण्याचा विचार तर मनातही आणू नका, कारण त्यात समोरच्या शाळेचाही एक मुलगा आहे. बसमधल्या वाक्याबद्दल मात्र तक्रार अवश्य करा. आधी मुलाला तसे सांगा. त्याला भीती आहे ती संघातली जागा जाण्याची, आणि ती भीती खरी आहे हे मान्य करूनच त्याच्याशी बोला. मग प्रशिक्षकांची वेळ घेऊन त्यांना एकांतात भेटा आणि पंचांचा विषय पूर्णपणे बाजूला ठेवून, तुमच्या त्या वाक्याने माझ्या मुलाचे काय झाले, एवढेच सांगा. त्यांनी चूक मानली आणि संघासमोर दोन शब्द बोलले, तर प्रकरण तिथे मिटवा. नाही मानली, तर शाळेच्या क्रीडा संचालकांना तारीख, स्थळ आणि नेमके शब्द नमूद करून लेखी कळवा.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात एका विद्यालयात क्रीडाशिक्षक आहे. आमच्याकडे तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धांमध्ये पंच पुष्कळदा समोरच्या मुलाच्याच तालमीशी संबंधित असतात. यंदा 17 वर्षांखालील गटात आमच्या मुलावर उघड अन्याय झाला. व्हिडिओची सोय नसल्याने आव्हान देता आले नाही. अशा वेळी निषेध म्हणून मुलाला मॅटवरून खाली बोलवावे का?
– एक क्रीडाशिक्षक

उत्तर : गुरुजी, बोलवू नये. मुलगा खाली उतरला की तो हरला, आणि पंचांच्या चुकीची नोंद कुठेही राहत नाही. नोंद राहते ती त्याने कुस्ती सोडल्याची.

व्हिडिओ नसल्यास आव्हानाचा ठोकळा (निर्णय व्हिडिओवर तपासा, असे सुचवण्यासाठी प्रशिक्षक मॅटवर टाकतात तो) टाकता येत नाही, हे खरे. परंतु पंचांच्या नात्यागोत्याबद्दलचा आपला आक्षेप कुस्तीनंतरचा नाहीच. तो सकाळी वजने होऊन जोड्या लागतात तेव्हाचा आहे. पंचांची नेमणूक कळताच, त्यांच्या स्वतःच्या तालमीच्या मुलाच्या कुस्तीवर त्यांना उभे करू नये, असा एक परिच्छेदाचा अर्ज स्पर्धा प्रमुखांकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्ज नाकारला गेला, तरी त्या कुस्तीवर तीन-चार जोडी डोळे अधिक राहतात, हा माझा अनुभव आहे.

2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत जे घडले, ते आपण पाहिले असेल. गादी (मॅट) विभागाच्या निर्णायक लढतीत शिवराज राक्षे यांना चीतपट घोषित केल्यावर त्यांनी पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेले. दोघांवरही तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. खांदे टेकले होते की नव्हते, यावर गावोगावी वाद झाला, पण त्या लाथेनंतर मूळ प्रश्न कोणाला नीट विचारताच आला नाही. टोकियो ऑलिंपिकमध्येही दीपक पुनिया कांस्यपदकाची लढत हरल्यावर त्याचे परदेशी प्रशिक्षक मुराद गैदारोव्ह पंचांवर धावून गेले आणि त्यांना ऑलिंपिकमधून बाहेर काढण्यात आले. दीपकच्या पदरात त्यातून काहीच पडले नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट आपल्याच मातीतल्या माणसाची आहे. 1952 मध्ये हेलसिंकीला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घ लढत झाली आणि तिच्या पाठोपाठ त्यांना सोव्हिएत मल्ल राशिद मामेदबेयोव्ह यांच्यासमोर उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो नियम दाखवून भांडायला त्यांच्या बाजूचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे त्या लढतीविषयी सांगितले जाते. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. मॅटच्या कोपऱ्यातली खुर्ची कशासाठी असते, असे मला कोणी विचारले, तर मी हीच हकिकत सांगतो. आपण त्या खुर्चीवर बसता तेव्हा चालू वर्षाचे नियमपुस्तक जवळ ठेवा आणि आपल्या मुलांनाही ते वाचायला द्या.

प्रश्न : मी 23 वर्षांचा आहे आणि नुकताच शालेय स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करू लागलो आहे. मागच्या महिन्यात मी एका मुलाला चीतपट दिले. नंतर कोणीतरी मोबाइलवरचे चित्रण दाखवले, तर त्याचा एक खांदा वर होता. त्या मुलाला भेटून माफी मागावी का?
– एक नवा पंच, पुणे जिल्हा

उत्तर : मागावी. मात्र एकट्याने गाठून नव्हे, तर त्याच्या वस्तादांना आधी सांगून, त्यांच्यासमोर. निकाल आता बदलणार नाही, हेही त्याला त्याच वेळी स्पष्ट सांगा, म्हणजे त्याच्या मनात खोटी आशा उरणार नाही. माझ्या उमेदीच्या काळात एका जिल्हा स्पर्धेत मीही अशीच चूक केली होती आणि लाजेने त्या मुलाला भेटायला गेलो नाही. पुढच्या वर्षी तो स्पर्धेला आलाच नाही. त्याने कुस्ती माझ्यामुळे सोडली की आणखी कशामुळे, हे विचारायलाही मी गेलो नाही.

पुढच्या कुस्तीसाठी एक गोष्ट हाताला लावून घ्या. खांदे टेकल्यासारखे वाटले की आधी हात वर करून बाजूच्या पंचांकडे पाहायचे, त्यांची खूण नसेल तर मॅट प्रमुखांकडे पाहायचे, आणि दोघांपैकी एकाची संमती मिळाल्यावरच मॅटवर थाप मारून शिट्टी वाजवायची. प्रेक्षकांचा गलका वाढला की नव्या पंचाचा हात या दोन पायऱ्या गाळून थेट मॅटवर जातो. सरावाच्या वेळी तालमीत जाऊन उभे राहा आणि मुलांच्या कुस्त्यांवर, शिट्टी न घेता, फक्त मान वळवून पाहण्याचा सराव करा.