वाचकांचे प्रश्न : सहकाऱ्यांसोबत खेळण्यासाठी हलके संगणकीय खेळ

प्रश्न : हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी बारा जणांच्या गटाचे काम पाहते. आठ जण कार्यालयात येतात आणि चौघे नाशिक व कोल्हापूर येथून घरूनच काम करतात. शुक्रवारी साडेचार ते सव्वापाच ही वेळ एकत्र खेळण्यासाठी देण्यास व्यवस्थापनाने होकार दिला आहे. सर्वांकडे कंपनीचे लॅपटॉप आहेत. त्यांत ८ जीबी मेमरी आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि परवानगीशिवाय काहीही इन्स्टॉल करता येत नाही. पहिल्या शुक्रवारी ब्राउझरवर बंदुकीचा एक खेळ खेळून पाहिला. तिघे जण रंगून गेले आणि बाकीचे पंधरा मिनिटांत मेल तपासू लागले. कोणते खेळ निवडावेत?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड यांची माहिती आपण काळजीपूर्वक दिली आहे, परंतु निवडीसाठी खरी उपयोगी माहिती मेल तपासणाऱ्या नऊ जणांविषयीची आहे. खेळ हलका आहे की नाही, हे लॅपटॉपवर आणि नेटवर्कवर पडणाऱ्या भाराइतकेच खेळणाऱ्यावर पडणाऱ्या भारावरूनही ठरते. डाव्या हाताने चार कळा आणि उजव्या हाताने माउस एकाच वेळी चालवणे, ही ज्याने शाळा-कॉलेजात सायबर कॅफेत तासन् तास घालवले त्याच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट आहे. ज्याने ते कधीच केले नाही, त्याला पहिल्या मिनिटात चारदा मरून पडद्याकडे बघत बसावे लागते. काहींना तर अशा खेळांतील वेगाने फिरणाऱ्या दृश्यामुळे मळमळही होते. म्हणून गटातील सर्वांत जुना लॅपटॉप आणि खेळांची सवय नसलेली व्यक्ती, या दोघांना झेपेल तोच खेळ निवडावा, आणि दोघांत एकाचीच सोय पाहता येत असेल तर व्यक्तीची पाहावी.

आपल्या गटासाठी मी सर्वप्रथम गार्टिक फोन सुचवेन. तो ब्राउझरवर चालतो, विनामूल्य आहे आणि एका खोलीत तीस जणांपर्यंत खेळू शकतात. प्रत्येक जण एक वाक्य लिहितो, ते पुढच्याकडे जाते आणि तो त्याचे चित्र काढतो. त्यापुढचा केवळ चित्र पाहून वाक्य लिहितो, आणि असे करत शेवटी मूळ वाक्याचे काय झाले ते सर्वांसमोर उलगडते. यात कोणीही बाद होत नाही, सर्वांचे काम एकाच वेळी चालते आणि चित्रकलेत गती नसणे हे येथे भांडवलच ठरते. मात्र जितके खेळाडू तितक्या फेऱ्या होतात, त्यामुळे बारा जणांचा एक डाव लांबतो आणि शेवटची उलगड घाईत उरकावी लागते. सहा-सहा जणांचे दोन गट केल्यास पाऊण तासात दोन डाव निवांत होतील.

स्क्रिबल डॉट आयओ हा त्याच घराण्यातला, पण अधिक घाईचा खेळ आहे. एक जण चित्र काढतो, बाकीचे उत्तर टाइप करतात आणि आधी ओळखणाऱ्याला अधिक गुण मिळतात. खोली उघडणाऱ्याला स्वतःची शब्दयादी देता येते, आणि ही सोय अवश्य वापरावी, कारण खेळाची गोडी निम्म्याहून अधिक त्या यादीवर अवलंबून असते. शनिवारवाडा, मस्तानी, पीएमपीची बस हे शब्द पुणेकरांना सुचतीलच. नाशिक आणि कोल्हापूरच्या सहकाऱ्यांसाठी रामकुंड आणि रंकाळा यांनाही जागा द्यावी. मराठी शब्द रोमन लिपीत टाकणार असाल तर ज्यांचे स्पेलिंग एकाच प्रकारे होते असेच निवडावेत, अन्यथा बरोबर ओळखूनही गुण न मिळाल्याचे वाद सुरू होतात.

ज्यांना चित्रांचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी कोडनेम्स हा शब्दखेळ चांगला आहे. व्लादा ख्वातिल यांचा हा मूळ पटावरचा खेळ २०१५ मध्ये आला आणि त्याची ऑनलाइन आवृत्तीही मोफत खेळता येते. पंचवीस शब्दांच्या चौकटीतून आपल्या गटाचे शब्द ओळखायचे असतात. सूत्रधाराने एक शब्द आणि एक आकडा एवढाच इशारा द्यायचा असतो. खरा खेळ इशाऱ्यानंतर होणाऱ्या चर्चेत असल्यामुळे एरवी बैठकीत गप्प राहणारी माणसे येथे बोलती होतात. कार्यालय विरुद्ध घर अशी विभागणी मात्र करू नये. प्रत्येक गटात घरून खेळणारे दोघे असावेत. अमंग अस अनेक जण सुचवतील. एकमेकांवर संशय घेऊन मतदानाने बाहेर काढण्याचा हा खेळ मित्रांमध्ये फार रंगतो, पण वार्षिक मूल्यमापन ज्याच्या हाती आहे तोच समोर खेळत असताना मी तो टाळेन.

दोन तांत्रिक बाबींकडेही लक्ष द्यावे. कंपनीचा व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधून जाणारा सुरक्षित मार्ग, चालू असेल आणि त्याचा दरवाजा परदेशात असेल, तर हिंजवडीतल्या लॅपटॉपवरचा प्रत्येक संदेश आधी तेथे जाऊन मग खेळ चालवणाऱ्या सर्व्हरकडे वळतो. चित्रांच्या किंवा शब्दांच्या खेळात हे जाणवत नाही, पण वेगवान खेळ त्यामुळे अडखळू लागतो. व्हीपीएन खेळापुरता बंद करता येतो का, याची परवानगी आयटी विभागाकडूनच घ्यावी, आणि संकेतस्थळे अडवलेली असतील तर तीही त्याच वेळी मोकळी करून घ्यावीत. दुसरी बाब आवाजाची आहे. एकाच खोलीत आठ लॅपटॉपवरून कॉलला जोडले की आवाज घुमतो. म्हणून खोलीतील एकाच यंत्राचा माइक व स्पीकर चालू ठेवावा आणि इतरांनी केवळ खेळ उघडावा. जुन्या लॅपटॉपवर खेळापेक्षा व्हिडिओ कॉलच प्रोसेसरला अधिक दमवतो, तेव्हा घरून खेळणाऱ्यांनी कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल.

प्रश्न : सदाशिव पेठेत आमचे सहा जणांचे छोटे डिझाइन कार्यालय आहे. संगणक आमच्याच मालकीचे आहेत, पण दोन जण अजून बऱ्याच जुन्या यंत्रांवर काम करतात आणि एकावर लिनक्स आहे. आम्हां सर्वांना धावपळीचेच खेळ आवडतात. शंभर एमबीपीएसचे इंटरनेट असूनही खेळ मध्येच थबकतो. नवे ग्राफिक्स कार्ड न घेता काय खेळता येईल?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आधी थबकण्याविषयी लिहितो. अशा खेळांत संगणक आणि सर्व्हर यांच्यामध्ये फारच थोडी माहिती जाते, त्यामुळे शंभर एमबीपीएस असोत वा तीनशे, फरक पडत नाही. फरक पडतो तो संदेश जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळेमुळे, ज्याला खेळणारे पिंग म्हणतात. पुण्याहून युरोपातील सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद सहज लागतात. आपल्याच कार्यालयातील केबलवर हे अंतर एका मिलिसेकंदाच्या आसपास येते. शिवाय आपला पत्ता पाहता वायफायवरही संशय घ्यायला हवा. शेजारची घरे, क्लास आणि एकावर एक असलेल्या अभ्यासिका यांचे राउटर एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत असतात, आणि त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. सहा जणांसाठी आठ पोर्टचा साधा स्विच आणि केबल घ्यावी आणि आपल्यापैकीच एका संगणकावर सर्व्हर चालवावा. मग खेळताना इंटरनेटची गरजही उरत नाही.

या मांडणीवर माझी पहिली पसंती असॉल्टक्यूबला आहे. हा बंदुकीचा खेळ विनामूल्य आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो, डाउनलोड छोटे आहे आणि त्याचे क्यूब इंजिन, म्हणजे खेळ चालवणारी मूळ प्रणाली, जुन्या यंत्रांनाही सांभाळून घेते. झेंडा पळवण्याचा प्रकार लावावा; त्यात नेम नसलेला गडीही पळून उपयोगी पडतो. ओपनअरीना हा क्वेक ३ या बंदुकीच्या जुन्या खेळाच्या इंजिनावर उभा राहिलेला, त्याहून वेगवान खेळ. त्या इंजिनाचा सोर्स कोड २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि त्याच वर्षी हा प्रकल्प सुरू झाला. आपल्या जुन्या दोन यंत्रांनाही तो जड जाणार नाही. तथापि त्यातील रक्तपात आणि काही पात्रांचे तोकडे कपडे पाहता, ग्राहक कधीही दार उघडून आत येतात अशा कार्यालयात तो मोठ्या पडद्यावर लावण्याजोगा नाही. झोनोटिक दिसायला अधिक देखणा आहे, परंतु जुन्या दोन यंत्रांवर त्याच्या चित्राचा दर्जा बराच खाली उतरवावा लागेल.

थोडा बदल हवा असेल तेव्हा टीवर्ल्ड्स हा बंदुकीचाच, पण हलकाफुलका खेळ पाहावा. तो द्विमितीय आहे, २००७ पासून उपलब्ध आहे आणि त्यातील आकड्याच्या दोरीने लोंबकळत जाणे अंगवळणी पडले की सोडवत नाही. सुपरटक्सकार्ट या गाड्यांच्या शर्यतीत २०१९ च्या १.० आवृत्तीपासून नेटवर्कवर खेळण्याची सोय आली. जुन्या यंत्रांवर ग्राफिक्सची पातळी सर्वांत खाली ठेवावी. कोणी एज ऑफ एम्पायर्स २चा आग्रह धरला तर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. त्यात प्रत्येक संगणक संपूर्ण रणांगणाचा हिशोब स्वतः करतो आणि नेटवर्कवरून केवळ खेळाडूंच्या आज्ञा जातात. सर्वांचा हिशोब एकाच टप्प्यावर राहावा लागत असल्याने सर्वांत मंद यंत्राच्या चालीने सगळ्यांना चालावे लागते. आपल्या दोन जुन्या यंत्रांपैकी एकाने दम टाकला की सहाही जणांचे सैन्य रेंगाळेल. बंदुकीच्या वरील खेळांत असे होत नाही. तेथे मंद यंत्राचा त्रास त्या यंत्रासमोर बसलेल्यालाच होतो.

सर्वांनी खेळाची एकच आवृत्ती घ्यावी आणि विंडोजच्या फायरवॉलने पहिल्यांदा विचारल्यावर खासगी नेटवर्कसाठी परवानगी द्यावी. यादीत सर्व्हर दिसला नाही तर त्या संगणकाचा अंतर्गत आयपी पत्ता हाताने टाकावा.

प्रश्न : खराडीत आमचा गट दोन पाळ्यांत काम करतो, त्यामुळे सर्व जण एकाच वेळी कधीच भेटत नाहीत. तरीही एकत्र काही खेळता येईल का?
— एक वाचक, खराडी

उत्तर : येईल. लिचेसवर बुद्धिबळाचा पत्रव्यवहारी प्रकार आहे, ज्यात एका चालीसाठी एका दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. संकेतस्थळ २०१० पासून चालू आहे, विनामूल्य आहे आणि त्यावर जाहिराती नाहीत. दोन पाळ्यांच्या गटासाठी एका चालीला दोन दिवस ही मुदत मला योग्य वाटते. आठवडाभराची दिली की डाव विस्मरणात जातो. बुद्धिबळात एकदम दोघेच गुंततात, ही अडचण वाटत असेल तर बोर्ड गेम अरीनावर तीन-चार जणांचे अनेक पटावरचे खेळ अशाच सवडीने खेळता येतात. दिवसपाळीचा आणि रात्रपाळीचा असे दोन संघ करून प्रत्येक संघाने चर्चेने एकच चाल ठरवावी, ही रीत मला सर्वांत आवडते, कारण पाळी बदलताना भेटणाऱ्या दहा मिनिटांत मग बोलायला विषय असतो.

प्रश्न : आमच्या कार्यालयात काही जण ऑनलाइन रमी प्रत्येकी पन्नास रुपये लावून खेळू या म्हणतात. रक्कम इतकी किरकोळ असताना हरकत आहे का?
— एक वाचक, मगरपट्टा

उत्तर : हरकत आहे. ऑनलाइन गेमिंगविषयीच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देऊ करण्यावर, त्यांच्या जाहिरातीवर आणि त्यांसाठीच्या आर्थिक व्यवहारांवर बंदी घातली आहे, आणि तो खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, याने फरक पडत नाही. त्यामुळे अशी सोय देणारे अ‍ॅप कंपनीच्या यंत्रावर वा नेटवर्कवर उघडूच नये. चुरस वाढवण्यासाठी बक्षीस हवे असेल तर ते व्यवस्थापनाच्या खर्चातून ठेवावे आणि खेळणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेऊ नये.