रांगेत चढणारा पारा आणि अंगावर काढलेला ताप

कोविडच्या महासाथीच्या काळात आलेल्या पत्रांमध्ये माजी सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे बरीच होती. महासाथीने सगळ्यांनाच जेरीस आणले होते. मात्र नोकरीने ज्यांच्या शरीराला आणि मनाला काही सवयी कायमच्या लावून दिल्या, त्यांच्या अडचणी थोड्या निराळ्या होत्या. त्यांपैकी तीन पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : औषधांच्या रांगेत मागचा माणूस मास्क हनुवटीवर ओढून अगदी पाठीला खेटून उभा राहिला, की माझे डोके सणकते. परवा एकाच्या अंगावर धावून गेलो, मुलाने आवरले. मास्कमध्ये जीव घुसमटतो, रात्री झोप नाही. पूर्वी नियमित समुपदेशनाला जात असे, तेही महासाथीमुळे थांबले. मी पुन्हा पूर्वीसारखा होत चाललो आहे का?

उत्तर : जुन्या लक्षणांनी उचल खाल्लेली दिसते, पण त्यावरून आजवरचे उपचार वाया गेले असे समजू नका. पाठीमागून अनोळखी माणूस जवळ येणे, समोरच्यांचे चेहरे झाकलेले असल्याने त्यांचा हेतू न कळणे आणि एकाच्या बेशिस्तीमुळे सगळ्यांच्या जिवावर बेतणे, हे सारे धोक्याचे संकेत म्हणून आपल्या मनात वर्षानुवर्षे पक्के झालेले आहे, आणि नेमके तेच आता रोजच्या रांगेत समोर येते. शिवाय हा धोका काल्पनिकही नाही. म्हणूनच ‘उगाच चिडू नका’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला आपल्या उपयोगाचा नाही, असे माझे मत आहे.

त्याऐवजी आधीच काही गोष्टी ठरवून घराबाहेर पडा. गर्दी नसलेली वेळ निवडा आणि शक्य तेथे भिंतीकडे पाठ करून उभे राहा. ‘कृपया थोडे मागे सरका’ हे एकच वाक्य ठरवून ठेवा आणि ते एकदाच म्हणा. समोरच्याने ऐकले नाही, तर रांग सोडून बाजूला व्हा. औषध अर्ध्या तासाने मिळाले तरी चालते, पण हात उगारल्यावर जे घडते ते निस्तरायला फार काळ जातो.

मास्कमधील घुसमट अनेकदा छातीच्या वरच्या भागातून घेतलेल्या भराभर श्वासांमुळे वाढते. घरी निवांत बसून पाच मिनिटे मास्क लावा, श्वास नाकाने घ्या आणि घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्या; सवय होईल तसा अवधी वाढवत न्या. दमा किंवा फुफ्फुसांचा जुना विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. झोपेबाबत एक पथ्य कसोशीने पाळा, ते म्हणजे रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठण्याचे. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते, हेही येथे सांगून ठेवतो, कारण पत्रात आपण त्याचा उल्लेख टाळला आहे, असे वाटते.

समुपदेशन मात्र थांबू देऊ नका. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेत युद्धासारख्या भयंकर अनुभवानंतर मनात उरणाऱ्या या विकाराला आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी, हे नाव दिले. त्यावरचे संवादाधारित उपचार व्हिडिओ कॉलवरूनही समोरासमोरच्या उपचारांच्या तोडीचे ठरतात, असे माजी सैनिकांवरील अभ्यासांत दिसले आहे. आपल्या समुपदेशकांना स्वतःहून फोन करा. जगणे नकोसे वाटू लागले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच क्षणी मदत मागा, आणि घरात शस्त्र असेल तर ते आजच विश्वासातील माणसाकरवी नियमांनुसार घराबाहेर सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करा.

प्रश्न : मी तोफखान्यात होतो. ऐकू कमी येते आणि कानात सतत शिट्टी वाजते. आता सगळेच मास्क लावून बोलतात; डॉक्टरांनी गोळी ‘सात’ दिवस सांगितली की ‘साठ’, हेही मला कळले नाही. पुन्हा विचारायचा संकोच वाटतो.

उत्तर : तोफांच्या आवाजाने होणारी कानाची हानी बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात आधी दिसते, आणि व्यंजनांमधला फरक कळायला हेच उंच स्वर लागतात. मास्क नेमके तेच स्वर दबवतो, ओठ झाकतो आणि वर माणसे लांब उभी राहतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. सैन्यात वायरलेसवर आलेला संदेश तसाच परत म्हणून दाखवण्याची शिस्त असते, ती येथे चालवा. ‘सात, म्हणजे एक आठवडा ना?’ असे विचारले की संकोचाला जागा उरत नाही. औषधांचे प्रमाण आणि दिवस लिहूनच मागा. बोलणे पडद्यावर अक्षरांत दाखवणारी सोय आता अनेक मोबाइलमध्ये असते, तीही वापरून पाहा. श्रवणयंत्र असल्यास डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचा मास्क घ्या, कारण कानात अडकवलेला मास्क काढताना यंत्र निसटून पडते.

प्रश्न : माझे यजमान माजी सैनिक आहेत. तीन दिवस ताप अंगावर काढला, तरी ‘मला काही होत नाही’ हे पालुपद सुरूच आहे. बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावू देत नाहीत. काय करावे?

उत्तर : दुखणे न सांगण्याची सवय त्यांना नोकरीत उपयोगी पडली असेल, या आजारात ती घातक आहे. कोविडमध्ये रक्तातील ऑक्सिजन बराच उतरला तरी काही रुग्णांना धाप जाणवत नाही, त्यामुळे ‘मला बरे वाटते’ या शब्दांवर विसंबता येत नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या हाती काम द्या. सकाळ, दुपार आणि रात्र अशा ठरल्या वेळी तापमान, नाडी आणि ऑक्सिजन यांची नोंद त्यांनीच वहीत करावी. विनवणीला न बधणारी ही मंडळी नोंदवहीपुढे सहसा नमतात.

मोजण्यापूर्वी त्यांना पाच मिनिटे स्वस्थ बसू द्या, गार पडलेला हात चोळून ऊबदार करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत बोट हलवू देऊ नका. ऑक्सिजनचा आकडा ९४ टक्के किंवा त्याखाली आला, तर पुन्हा मोजून खात्री करा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा; ९० च्या खाली गेला, तर थेट रुग्णालय गाठा. श्वासाचा जुना आजार असल्यास त्यांच्यासाठी कोणता आकडा नेहमीचा मानायचा, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. ओठ निळसर दिसू लागले, छातीत दाब आला किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर आकडा चांगला असला तरी थांबू नका. ताप तिसऱ्या दिवशीही आहे, तेव्हा डॉक्टरांना आजच फोन करा आणि त्यांचे वय, नेहमीची औषधे व पूर्वीच्या जखमा किंवा शस्त्रक्रिया तुम्हीच सांगा. त्यांच्यावर सोपवले, तर ते यातले निम्मे गाळतील.