ग्राइंडर खाली ठेव, मग वाच

अगं पोरी,

तुझ्या १९८२ च्या पोर्श ९११ एससीला १९७३ च्या कॅरेरा आरएसचं रूप द्यायचंय, हा तुझा मेसेज दोनदा वाचला. सतरा फोटोही बघितले, त्यातले अकरा नुसते रंगांचे. पांढऱ्यावर लाल अक्षरं की पांढऱ्यावर निळी, यावर तू तीन परिच्छेद लिहिलेस आणि जाता जाता शेवटच्या ओळीत विचारलंस, "शॉपवाला मागच्या चाकांवरचे फेंडर कापून आरएसचे वेल्ड करतो म्हणतोय, हो सांगू ना काका?" माझी झोप त्या एका ओळीने उडवली.

नाही. हो सांगू नकोस. अॅडव्हान्स दिला असशील तर परत माग, नाही दिला तर फोन उचलू नकोस.

एवढ्या पैशात दुसरं काय काय आलं असतं हे घरी ऐकवून झालंच असेल, ते मी परत उगाळणार नाही. १९७३ ची कॅरेरा आरएस २.७ एकदा डोक्यात बसली की बसली. मी चिंचवडला रद्दीच्या दुकानात एका जर्मन मासिकात पहिल्यांदा बघितली, बदकाच्या शेपटासारखं ते मागचं झाकण, दारावर खाली तिरकं कॅरेरा लिहिलेलं, जर्मनचा ज समजत नव्हता, तरी ते पान फाडून घेऊन आलो आणि घरी बोलणी खाल्ली. पोर्शला ग्रुप ४ या रेसिंगच्या वर्गात उतरण्यासाठी ५०० गाड्या बनवणं भाग होतं, तेवढ्या तरी खपतील की नाही अशी कंपनीलाच धाकधूक होती, आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या शोमध्ये मांडल्यावर शेवटी १५८० बनवाव्या लागल्या. आज त्यातली चांगली लाइटवेट, म्हणजे वजन कमी केलेली आवृत्ती, मिलियन डॉलरच्या पुढे जाते. म्हणजे तुझ्यामाझ्यासारख्यांनी ट्रिब्यूटच, म्हणजे दुसऱ्या ९११ वर आरएसचा साज चढवलेली गाडीच बनवायची, त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

फक्त आधीची गाडी पुसू नकोस.

बालगंधर्वांची पदं आजही लोक गातात की नाही? तीच लय, तीच हरकत, कधी कधी डोळ्यात पाणी आणतात. पण गाणारा आधी सांगतो की ही बालगंधर्वांची पदं आहेत, आणि आपल्या गळ्याने गातो. उद्या कोणी स्वतःचा गळा कापून घेऊन मीच बालगंधर्व म्हणून तिकिटं विकायला लागला तर? तुझा शॉपवाला नेमकं तेच सुचवतोय. तुझी १९८२ ची एससी आहे. एससीचे मागचे फेंडर आरएसपेक्षा जास्त फुगीर असतात हे खरं, म्हणून तिच्यावर आरएसचा साज चढवला तरी ती कमरेत थोडी रुंदच दिसणार. दिसू दे की! कोण येतंय टेप घेऊन मोजायला? आणि जो टेप घेऊन येईल तो इंजिनचं झाकण उघडूनही बघेल, तिथे आरएसच्या २६८७ सीसीच्या, मॅग्नेशियम केसच्या इंजिनाच्या जागी तुझं २९९४ सीसीचं अॅल्युमिनियमवालं बसलंय, मग काय करशील? तेही फेकशील? (फेकू नकोस. दोन्हीचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७०.४ मिलिमीटर, फक्त बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ९० चा ९५ झालाय. घरातलंच इंजिन आहे ते, आणि आरएसच्या इंजिनपेक्षा दणकट.)

पुढचे फेंडर बोल्टचे असतात, उतरव, नीट गुंडाळून माळ्यावर ठेव. बंपर बोल्टचे. शेपटाचं झाकण मूळच्याच बिजागऱ्यांवर बसतं. बॉनेटचं लॉक जिथे बसतं तो पुढचा पत्रा आरएसच्या लांब बॉनेटसाठी कापावा लागतो, तेवढा काप, पण आधी फोटो काढ, मापं लिही, आणि कापलेला तुकडा फेकायचा नाही, तुकड्यावर मार्करने गाडीचा नंबर टाकून ठेवायचा. उद्या कोणाला तुझ्या गाडीची परत एससी करावीशी वाटली तर एका उन्हाळ्यात करता आली पाहिजे. मागचा फेंडर हा बॉडीचाच भाग आहे, तो एकदा कापला की गेला.

आता माझं ऐक, कारण हे सगळं मी कुठल्या तोंडाने सांगतोय ते तुला कळायला हवं.

माझी १९७२ ची ९११ टी होती. १९९५ मध्ये घेतली, साडेसहा हजार डॉलरला, सॅक्रामेंटोच्या एका शेतकऱ्याकडून, गंज जवळजवळ नाहीच. १९७२ च्या ९११ ला उजव्या दारामागे, मागच्या फेंडरवर एक छोटं झाकण असतं, तळहाताएवढं. पेट्रोलचं नाही, तेलाचं. त्या वर्षी तेलाची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली होती म्हणून भरायचं तोंड बाहेर आलं. पंपावरची पोरं त्यात पेट्रोल ओतायची असं सांगतात. १९७३ ला टाकी परत मागे गेली आणि झाकण गेलं. एक वर्ष, फक्त एक वर्ष ते झाकण होतं. आणि मला १९७३ ची आरएस बनवायची होती, मग माझ्या गाडीला ते झाकण कसं चालेल?

मी स्वतः कापलं गं. कोणाला दिलं नाही, स्वतः. दिवाळीतला रविवार होता, सगळे मंडळाच्या कार्यक्रमाला गेलेले, मी गॅरेजमध्ये ग्राइंडर घेऊन. वर पत्रा वेल्ड केला, फिलर भरला, इतकं घासलं की हात फिरवला तरी शिवण लागायची नाही. त्या शिवणीचा मला कोण अभिमान! टाकी बदलली. मूळचं २.४ चं इंजिन, गाडीच्या नंबराशी जुळणारं, ते एकाला सातशे डॉलरला देऊन टाकलं, ट्रकमध्ये चढवायला मीच हात लावला. टी चा बिल्लासुद्धा कुठे गेला आठवत नाही.

तू म्हणशील काका, तुम्ही सगळं करून मोकळे आणि आता मला अक्कल शिकवताय. बरोबर आहे. पण तेव्हा टी म्हणजे नुसती जुनी गाडी होती, कोणी हिंग लावून विचारत नव्हतं, सगळेच कापत होते, जाणकार म्हणवणारेसुद्धा. आणि गाडी देखणी झाली होती, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन. आत घड्याळ नाही, ग्लोव्हबॉक्सला झाकण नाही, दार उघडायला कातड्याचा पट्टा, बॉनेटवर धातूचा बिल्ला न लावता लाइटवेटसारखा स्टिकर. एकदा जुन्या गाड्यांच्या एका मीटमध्ये एक म्हातारा गोरा माणूस गाडीभोवती तीन चकरा मारून म्हणाला, खरी आहे ना? आणि मी नुसता हसलो. हो म्हणालो नाही, पण नाही पण म्हणालो नाही. ते हसणं मला अजून टोचतं, झाकणापेक्षा जास्त.

२००६ मध्ये मुलीच्या फीसाठी विकली. घेणाऱ्याला तोंडी सांगितलं की मूळची टी आहे. तोंडी! कागदावर एक ओळ नाही. सात वर्षांनी एका जाहिरातीत तीच गाडी दिसली, उजव्या फेंडरचा क्लोजअप होता, माझी शिवण मी नाही ओळखणार? मजकुरात टी हे अक्षर कुठेच नव्हतं. शब्द असे फिरवलेले की वाचणाऱ्याने स्वतःच खरी आरएस समजावी. मी फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, आम्हाला मिळाली तशी विकतोय, तुमच्याकडे काही पुरावा आहे का? माझ्याकडे काय होतं? काहीच नाही. पुरावा मीच घासून गुळगुळीत केला होता.

म्हणून तो दुसरा माणूस, जो तुला "शोभेसाठी" खऱ्या आरएससारखी, ९११३६० ने सुरू होणाऱ्या चेसिस नंबरची पट्टी करून देतो म्हणतोय, त्याला ब्लॉक कर. आज, आत्ता. चेसिस नंबर बदलणं इथे अमेरिकेत गुन्हा आहे हे तुला माहीत आहे, पण ते सोडून दे, गुन्हा नसता तरी हेच सांगितलं असतं. तुझ्या गाडीला स्वतःचा सतरा आकडी नंबर आहे, तिचं नाव आहे ते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा अशी गाडी बनवायची हौस आहे का तुला?

बरं, आता कामाचं. मूळ फ्यूल इंजेक्शन काढून थ्रॉटल बॉडी लावायचं डोक्यात आहे असं दिसतंय. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, नाही, तुझी १९८२ ची आहे, तिला दर दोन वर्षांनी आहे. म्हणून मूळ इंजेक्शन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, सगळं जागच्या जागी राहू दे. गार इंजिन सुरू करताना बॅकफायर झाला तर प्लास्टिकचा एअरबॉक्स फुटतो, त्याला जास्तीचा दाब बाहेर सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बसवून घे, स्वस्तातलं काम आहे. इंजिनातली चेन ताणून धरणारे टेन्शनर जुनेच असतील तर नंतरच्या ३.२ इंजिनवाले, तेलाच्या दाबावर चालणारे घाल. आणि व्हॉल्व्ह कव्हर उघडून सिलिंडर हेड घट्ट धरून ठेवणारे स्टड बघितलेस का? खालच्या ओळीतले तुटतात या इंजिनात, तुटलेला तुकडा कधी कधी कव्हरमध्येच पडलेला सापडतो. सतरा फोटोंत याचा एकही नाही! नाहीतर रंग, शेपूट, पट्टे सगळं होईल आणि पहिल्याच घाटात, घाट कसला, तुमच्या त्या समुद्राकडच्या वळणाच्या रस्त्यावर टो ट्रकची वाट बघत बसशील.

आणि एक वही कर. साधी दोनशे पानी. काय काढलं, कुठे ठेवलं, काय कापलं, तारीख. पहिल्या पानावर चेसिस नंबर आणि खाली मोठ्या अक्षरात: ही १९८२ ची एससी आहे. विकशील तेव्हा वहीसकट विकायची. विकणार नाही म्हणू नकोस, मीही म्हणायचो.

शनिवारी ये. येताना व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट आण, उघडूनच बघू. काकू थालीपीठं लावणार आहे. ते झाकण अजून माझ्या टूलबॉक्सच्या खालच्या खणात आहे, दाखवतो. तेवढंच एक फेकवलं नाही.

काका

ता.क. पांढऱ्यावर निळी. लाल माझी होती.