मशीन नंतर, आधी दूध बघ

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. घरच्या गायी आहेत, गोव्यात साखळी-वाळपई रस्त्यावर जागा आहे, तिथे दूध आणि आईस्क्रीमचं दुकान टाकायचंय आणि बाबा म्हणतात दूध सोसायटीला घालतो तेच बरं. तू विचारलंस मशीन कुठली घेऊ, मी मात्र आधी दुधाचंच बोलणार, कारण या धंद्यात फजिती तिथेच होते.

हिशोब बघ. पाकिटावर नुसतं 'आईस्क्रीम' लिहायचं तर त्यात कमीत कमी 10 टक्के दुधाचं फॅट लागतं. तुमच्या गायींचं 4 धर, म्हणजे 10 किलो दुधात 400 ग्रॅम फॅट, त्यातून जेमतेम 4 किलो मिक्स, म्हणजे आईस्क्रीमचं मिश्रण, होणार. मग वाटतं काउंटरच्या दुधावरची थोडी क्रीम काढून घेऊ, कोणाला कळतंय! सगळ्यांना कळतं गं. साय कशी धरली ते बघून इथल्या बायका दूध तपासायच्या लॅक्टोमीटरच्या आधी सांगतात, आणि 'त्यांचं दूध पातळ झालं' असं एकदा वाड्यावर बोललं गेलं की संपलं. त्यापेक्षा जवळपास कोणाच्या म्हशी असतील तर ते दूध घे, नाहीतर क्रीम विकत आण, किंवा सरळ 'मीडियम फॅट आईस्क्रीम' म्हणून विक, त्याला अडीच ते दहाच्या मधलं फॅट चालतं, लाज कसली त्यात. वनस्पती तेल घातलंस तर मात्र ते फ्रोझन डेझर्ट, मग घरच्या गायींचा फोटो बोर्डावर लावू नको.

दुधाचं गिऱ्हाईक बारा महिने येतं, आईस्क्रीमचं उन्हाळ्यात. जून लागला की आईस्क्रीम कोनचा डबा तसाच पडून राहणार आणि गणेश चवथीला लोक दूधच मागणार, त्यामुळे दूध कमी पडता कामा नये. गाय विण्याआधी दोन महिने आटवावी लागते हे तुला माहीत आहेच, पण दुकान असलं की सगळ्या एकदम आटून चालत नाही, वेतं पुढेमागे येतील असं आतापासून बघा. चीक वेगळा विक, खरवसासाठी लोक शोधत येतात. आणि कास सुजलेल्या गायीला अँटिबायोटिक दिलं की डॉक्टर सांगेल तितके दिवस ते दूध ओतून टाकायचं, आईस्क्रीममध्ये खपून जाईल असं सांगणारे भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लाव.

मानकुराद आंब्याचं आईस्क्रीम तू करणारच, त्याला आवर कोण घालणार! सुरुवातीला डझनाचा भाव ऐकूनच घाम फुटतो, मे मध्ये उतरला की रस काढून फ्रीज करून ठेव. पण गरम मिक्समध्ये रस ओतायचा नाही, आंबटपणाने दूध फाटतं आणि खाली बारीक कण दिसायला लागतात. मिक्स पाश्चराइज करून थंड कर, रात्रभर 4 डिग्रीला ठेव, मग दुसऱ्या दिवशी चर्नरमध्ये, म्हणजे मिक्स घुसळून गोठवणाऱ्या मशीनमध्ये, घालताना थंडगार रस मिसळ. रात्रभर ठेवलेल्या मिक्सची गोडी आणि अंग वेगळंच येतं, घाई केलीस तर जिभेला बर्फ लागतो.

फ्रीझर उणे 18 च्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि आपल्याकडे पहिला पाऊस आला की लाईट जातेच, म्हणून जनरेटरचे पैसे बाजूला काढल्याशिवाय दुसरा फ्रीझर घेऊ नको. वितळलेलं परत गोठवून विकायचं नाही, तोटा झाला तरी.

बाबांशी भांडू नको, बरोबर तेही आहेत. पावसात उरलेलं दूध सोसायटीच घेणार, पण वर्षभर नियमित घातलंस तरच, म्हणून थोडं चालू ठेव. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी खात्याचं, रजिस्ट्रेशन दुकानाची पाटी लागायच्या आधी कर. मशीनचं कोटेशन आलं की पाठव, त्याआधी आठवडाभर सकाळचं आणि संध्याकाळचं फॅट वेगवेगळं लिहून काढ, सोसायटीच्या स्लिपवर असतंच. संध्याकाळचं बहुतेक जास्त निघेल, मग आईस्क्रीमला कुठलं घ्यायचं ते फोनवर बोलू.

तुझा,
काका