बाळाला उचलताना मनगटात येणारी कळ

प्रश्न : माझे बाळ साडेतीन महिन्यांचे आहे. महिनाभरापासून उजव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूला, तीव्र कळ येते. बाळाला उचलताना, कणीक मळताना आणि कपडे पिळताना ती असह्य होते. एक्स-रेमध्ये काही निघाले नाही. सासूबाई म्हणतात की हा बाळंतपणातला वात आहे, तेल लावून जोरात चोळले की जाईल. फिजिओथेरपीचा उपयोग होईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा बहुधा डी क्वेर्वेन यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार असावा, या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले होते. अंगठा बाजूला नेणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात आणि ते आवरण जाड झाले की अंगठ्याच्या प्रत्येक हालचालीत त्या घासल्या जातात. दोष हाडात नसल्यामुळे एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, म्हणून घरातल्यांनी आपले दुखणे किरकोळ मानू नये. जोरात चोळणे मात्र कृपया थांबवावे, कारण त्याने दुखावलेला भाग आणखी चिडतो.

फिजिओथेरपीचा उपयोग निश्चित होतो, पण माझ्या मते त्यातला सर्वांत मोलाचा भाग यंत्राचा शेक नसून बाळाला उचलण्याची पद्धत बदलणे हा आहे. बहुतेक आया अंगठे ताणून बाळाच्या काखेत हात घालतात आणि मनगट वाकवून सारे वजन पेलतात. नेमका याच स्थितीत त्या कंडरांवर सर्वाधिक ताण येतो. त्याऐवजी एक तळवा बाळाच्या बुडाखाली आणि दुसरा मान व खांद्यांखाली सरकवावा, अंगठा बोटांना लागून ठेवावा, कोपरे अंगाजवळ घ्यावीत आणि वजन दोन्ही बाहूंवर येऊ द्यावे. पाजताना बाळाखाली उशी घ्यावी, म्हणजे त्याचे डोके वाकलेल्या मनगटावर तोलावे लागणार नाही. कपडे पिळणे आणि कणीक मळणे काही आठवडे घरातील इतरांनी करावे. हा उपचाराचाच भाग आहे, हे सासूबाईंनाही सांगावे.

दुकानात मिळणारा मनगटाचा साधा पट्टा अंगठा मोकळा सोडतो, त्यामुळे तो येथे पुरेसा नाही. अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा साधारण चार ते सहा आठवडे वापरावा आणि हात आखडू नये म्हणून दिवसातून काही वेळा तो काढून अंगठा न दुखेल इतपत हलवावा. कळ कमी झाल्यावर दुसऱ्या हाताने अंगठ्याला अडवून, तो न हलवता हलका जोर लावण्याचा व्यायाम आणि त्यानंतरच वजनाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावेत. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर मात्रा कमी करावी. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवण्याची चाचणी घरी वारंवार करून पाहू नये. ती जोराने केल्यास निरोगी मनगटही दुखते.

एवढे करूनही सहा आठवड्यांत आराम न पडल्यास अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. आवरणात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पुष्कळांना बरे वाटते आणि शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते. आपण बाळाला पाजत आहात, हे कोणतेही औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दाबली गेल्याची शक्यता असते आणि त्याचे उपचार वेगळे असतात. मनगट लाल, गरम व सुजलेले असून ताप असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.